मामाच्या कॉम्प्युटरची एक जानेवारी

माझा मामा बूट बनवतो, पण जोड बनवत नाही. म्हणजे दोनच बनवतो, एक डावा आणि एक उजवा. पण ते सख्खे भाऊ नसतात, फार तर चुलत. एकाचा तळ चार बोटं जाड, दुसऱ्याचा नेहमीसारखा. एकाची टाच बाहेर कललेली, दुसऱ्याला घोट्याच्या वर भिंत. ज्यांचे पाय दुकानातल्या बुटांना कबूल नाहीत, ती सगळी माणसं फिरून फिरून शेवटी मामाकडे येतात.

हॉस्पिटलच्या मागच्या फाटकासमोर त्याच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत मामी शिलाई मशीनवर चामडं शिवते आणि आल्या-गेल्याशी बोलते. आतल्या खोलीत मामा लाकूड कोरतो आणि बोलत नाही. अगदीच बोलावं लागलं तर सुरुवात ठरलेली: "म्हणजे असं आहे बघ..." यानंतर तो थांबतो. हे थांबणं एवढं लांब असतं की तेवढ्यात चहा पिऊन कपसुद्धा विसळून होतो. मग तो उरलेलं वाक्य सांगतो, आणि ते चार शब्दांचं निघतं.

मला हे इतकं अचूक कसं ठाऊक? कारण मी ते करून दाखवते. मी सगळ्यांना करून दाखवते. मामा, मामी, शाळेतले सर, हॉस्पिटलचा पहारेकरी, मामाचं कोरायचं मशीन. एकदा मामाच्या आवाजात मामीला "चहा टाकतेस का गं?" असं आतून विचारलं, आणि तिने टाकलासुद्धा. तेव्हापासून घरात माझं नाव रेडिओ. "कुणीतरी रेडिओ बंद करा रे," असं मामी दिवसातून तीनदा म्हणते. तेही मी करून दाखवते.

आता मशीनबद्दल सांगते. बूट शिवायचा तर आधी लाकडाचा पाय लागतो. त्याला फर्मा म्हणतात. त्यावर चामडं ओढायचं, ठोकायचं, वाळवायचं, मग फर्मा काढून घ्यायचा की उरतो तो बूट. मामा आधी फर्मे हाताने कोरायचा. मग एक बुटांचा कारखाना बंद पडला, तेव्हा तिथलं कोरायचं मशीन त्याने विकत घेतलं. लाकडाचा ठोकळा दोन टोकांना धरून हे मशीन तो गरागरा फिरवतं आणि बाजूने पातं सरकत सरकत पाय काढतं. किती आणि कुठे कोरायचं, हे सांगायला एक कॉम्प्युटर. तोही कारखान्यातूनच आलेला, माझ्यापेक्षा वयाने मोठा, रंगाने पिवळा. मशीन फक्त त्याचंच ऐकायचं. फर्म्याचा प्रोग्रॅम त्या जुन्या सिस्टिमवरच चालायचा, नवी सिस्टिम दिसली की तोंड फिरवायचा.

या कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळाचा सेल कधीच संपला होता. त्यामुळे रोज सकाळी चालू केल्यावर तो विचारायचा, आजची तारीख काय? आणि स्वतःच सुचवायचा: एक जानेवारी, साल पंचवीस वर्षांपूर्वीचं. मामा शांतपणे एंटर दाबायचा. झालं, दिवस सुरू. उन्हाळा असो, पाऊस असो, मामाच्या आतल्या खोलीत एक जानेवारी. खरी तारीख तो पेन्सिलने पाकिटावर लिहायचा. प्रत्येक पायाचं एक पाकीट, त्यात कागदावर काढलेला पाय आणि त्याची त्रेचाळीस मापं.

मी सुट्टीत गेले की रोज दारातून ओरडायचे, "मामा, नवीन वर्षाच्या शुभेच्छा!"

"तुला पण," मामा रोज म्हणायचा.

"अरे, सेल बदल की. एका चहाच्या पैशात येतो!"

"म्हणजे असं आहे बघ..." (इथे कप विसळून घ्या.) "जो बूट चावत नाही, तो उसवू नये."

यावर मी खूप हसले होते. लक्षात ठेवा, हसणारी मी होते.

परीक्षा संपल्यावर मी मामाकडे गेले, त्याच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी तो कॉम्प्युटर गेला. आधी एक बारीक शिट्टी, मग जळका वास, मग काहीच नाही. मामाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. गरम होती. मग हळूहळू गार झाली.

गेला तोही कसा, तर भिंगरीचा उजवा फर्मा नुकताच निघाला होता आणि डावा लावायचा होता.

भिंगरी पाच वर्षांची. हे तिचं खरं नाव नाही, पण एका पायावर गरगर फिरून दाखवणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार? तिचा डावा पाय जन्मापासून आत वळलेला होता. डॉक्टरीणबाई दर आठवड्याला तो थोडा सरळ करून नवीन प्लास्टर घालत. गेल्या आठवड्यात जुनं प्लास्टर काढून नवं घालायच्या मधल्या वेळात मामाने जाऊन मापं घेतली होती. आता शेवटचं प्लास्टर शुक्रवारी अकरा वाजता निघणार होतं.

मामाने बाईंना फोन लावला. मी बाजूलाच होते, त्यामुळे बाईंचा आवाजही मला काढता येतो.

"हे बघा, शुक्रवारी प्लास्टर निघालं की तासाभरात बूट पायात गेला पाहिजे. तसाच मोकळा ठेवला तर पाय आपल्या जुन्या जागी जाऊ लागतो. मग पहिले पाढे पंचावन्न. सगळी प्लास्टरं पुन्हा."

"दुसरीकडून...?"

"दुसरीकडे तीन आठवडे लागतात. म्हणून तर तुमच्याकडे पाठवते ना."

मामाने फोन ठेवला. मग त्याने कपाटाच्या तळातून कानस काढली आणि एक लाकूड घेऊन हाताने कोरायला बसला. त्याच्या उजव्या अंगठ्याचा सांधा दोन-तीन वर्षांपासून धरलाय. दहा मिनिटांनी त्याने कानस खाली ठेवली आणि अंगठा डाव्या हाताच्या मुठीत धरून नुसता बसला. बाहेर मामीचं मशीन थांबलं. ती दारात येऊन उभी राहिली आणि काहीच बोलली नाही. मामी बोलत नाही, हा आवाज मला आजवर काढता आलेला नाही.

आणि मग मी तोंड उघडलं.

"त्यात काय एवढं! नवीन कॉम्प्युटर आणू, त्यात तुझी जुनी सिस्टिम घालू. मी करते ना. उद्यापर्यंत होऊन जाईल."

माझी पात्रता सांगते. शाळेतल्या मुख्याध्यापकांचा प्रिंटर मी दुरुस्त केला होता. बंद करून चालू केला होता. एवढंच. पण ते करताना मी दुरुस्तीवाल्यांच्या आवाजात "हं... हं... हे होतंच," असं म्हटलं होतं. त्यामुळे मुख्याध्यापकांचाच नव्हे, माझासुद्धा माझ्यावर विश्वास बसला होता.

मंगळवारी आम्ही जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. जुने म्हणजे कुणीतरी चार-पाच वर्षं वापरलेले. मामाच्या हिशेबाने कोवळेच. दुकानदार प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायचा.

"काका, हा घ्या, हा घ्या. आठ जीबी मेमरी. उडतं हो, उडतं!"

"म्हणजे असं आहे बघा..." मामा म्हणाला. दुकानदाराने तेवढ्यात एक गिऱ्हाईक उरकलं. "उडायला नको. आमचं काम जमिनीवरचं."

मेलेल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क मात्र जिवंत होती. तिची रुंद पट्टी नव्याच्या खाचेत बसेना, म्हणून दुकानदाराने मधे लावायला एक छोटा तुकडा दिला. घरी येऊन मी तो लावला, बाह्या सरसावल्या, "हं... हे होतंच," म्हटलं आणि बटण दाबलं.

पडदा काळा झाला. पांढऱ्या अक्षरांत उत्तर आलं: मेमरी अपुरी आहे, सिस्टिम सुरू करता येत नाही.

"अपुरी?" मी ओरडले. "अरे, तुझ्या जुन्या घरापेक्षा शंभरपट जास्त आहे!"

मामी दारातून म्हणाली, "माझ्या सासूबाई अगदी अशाच. ताट भरून वाढलं की म्हणायच्या, घरात खायलाच नाही काही."

"अगं, आईचं काय मधेच..." मामा म्हणाला.

पण मामीचंच बरोबर निघालं. संध्याकाळपर्यंत मी फोनवर वाचत बसले. कुठल्यातरी कोपऱ्यात, कुणीतरी म्हाताऱ्या गृहस्थांनी अकरा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं सापडलं. या जुन्या सिस्टिमला एका मर्यादेपलीकडे मोजताच येत नाही. फार मेमरी दिसली की ती मोजता मोजता गोंधळते आणि काहीच नाही म्हणून हात वर करते. उपाय असा की एका फाइलमध्ये एक ओळ घालायची आणि तिला सांगायचं, बाई, तू एवढीच बघ, बाकीची तुझी नाही.

मी आधी हुशारी केली. मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एक उपटून काढली. तरी तेच. म्हणजे ओळ घालणं आलंच. पण ती घालायची कुठे? सिस्टिम उघडतच नव्हती. समोर नुसता काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ. मी माउस हलवला. बाणच नाही. क्लिक केलं. कशावर केलं देव जाणे. पाच मिनिटं मी अंधारात माउस फिरवत होते.

"सरक," मामा म्हणाला.

त्याने चष्मा लावला, ड्रॉवरमधून एक वही काढली आणि आपला जुना कीबोर्ड जोडून एका बोटाने टाइप करायला लागला. टक. टक. कारखान्यातल्या माणसाने त्याला पंचवीस वर्षांपूर्वी तीन दिवस शिकवलं होतं, आणि ते सगळं वहीत होतं, अगदी 'इथे घाबरू नये' सकट. काळ्या पडद्यावर फाइल उघडली.

"हं. काय लिहू?"

मी फोनवरून ओळ वाचली. त्याने लिहिली, पुन्हा वाचली, एंटर दाबलं. आणि सिस्टिम उघडली. सोळाच रंग, अक्षरं विटेएवढी.

"वा!" मामा म्हणाला. "चष्म्याशिवाय दिसतंय."

त्यानंतर सिस्टिमला कंठ फुटला. नवीन उपकरण सापडले, नवीन उपकरण सापडले, असं ती सदतीस वेळा म्हणाली. सगळंच नवीन सापडत होतं आणि त्यातलं एकही ओळखता येत नव्हतं. लग्नात दूरची आत्या भेटते ना, "अगंबाई, ही कोण? अगंबाई, हा कोण?" तशी. प्रत्येक खिडकी मी एकेक करून बंद केली, आणि शेवटी मामीला जाऊन सांगितलं, "झालं! बसवली मी सिस्टिम." 'मी' हा शब्द मी अगदी ठासून म्हटला होता.

बुधवारी मशीनची केबल नव्या कॉम्प्युटरला लागेना. मनगटाएवढी जाड, पंचवीस सुयांची. नव्यात तसलं भोकच नव्हतं. पुन्हा दुकानदार. "असलं आता कोण मागतं हो, कोण मागतं?" म्हणत त्याने पोटमाळ्यावरून तसलं भोक असलेलं एक जुनं कार्ड शोधून दिलं. मामाने ते स्वतः बसवलं, टाच चढवावी तसं, दोन्ही अंगठ्यांनी. दुखऱ्यानेसुद्धा. चार वाजता फर्म्याचा प्रोग्रॅम उघडला. भिंगरीच्या डाव्या पायाची फाइल यादीत दिसत होती. मशीनने हुंकार दिला.

मी खोलीभर नाचले. मग माझं लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे गेलं. नव्या कॉम्प्युटरचा सेल ताजा होता. त्याने तारीख विचारलीच नव्हती. स्वतःच लावली होती. खरी, आजची.

"मामा, बघ! तुझा कॉम्प्युटर एकदाचा वयात आला! संपली तुझी एक जानेवारी!"

मामा पुढे वाकला. तारखेकडे पाहत राहिला. कपाळाला आठी पडली.

"म्हणजे असं आहे बघ..." तो म्हणाला.

आणि तो थांबला. मी काय करावं? त्या थांबण्यात मी घुसले आणि त्याच्याच आवाजात वाक्य पुरं केलं: "...छानच झालं!"

मामी बाहेरून खो खो हसली. मामाही हसला. आणि त्याला जे म्हणायचं होतं ते तसंच राहून गेलं.

गुरुवारी सकाळी डावा फर्मा लावला. भिंगरीच्या बुटासाठी वाळवलेलं लाकूड मामाकडे दोन ठोकळ्यांएवढंच उरलं होतं. एक मशीनवर चढला. मी फाइल उघडली. प्रोग्रॅमने काहीतरी विचारलं, मी 'हो' दाबलं. पुन्हा विचारलं, जतन करू? पुन्हा 'हो'. काय विचारलं ते वाचलं का? मी? प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या बाईने वाचायचं असतं का?

मशीन सुरू झालं. त्याचं गाणं मला पाठ आहे. टाचेला जाड घर्रर्र, मग तळाला सूंऽऽऽ, मग बोटांकडे वर चढत जाणारं ईंऽऽऽ. लहान मुलांच्या फर्म्याला टाच म्हणजे मिनिटभराचं काम. आज घर्रर्र संपेचना. दोन मिनिटं. चार मिनिटं. मला ते ऐकू येत होतं; कान शाबूत होते. पण मी मनात म्हटलं, नवा कॉम्प्युटर आहे, मन लावून करतोय. कान शाबूत आणि अक्कल गहाण, दुसरं काय. शेवटी सूंऽऽऽ सुरू झालं, तेही वाढत गेलं, वाढत गेलं आणि पातं ठोकळ्याच्या टोकापर्यंत पोचून थेट पकडीवर आदळलं. खाड! ठोकळा मधोमध उभा तडकला.

मामाने बटण बंद केलं. मामी धावत आत आली.

मशीनवर एक टाच होती आणि अर्धा तळपाय. बोटांपर्यंत पोचण्याआधी लाकूडच संपलं होतं.

"हे काय गं?" मामी म्हणाली. "वल्हं?"

मामाने पडद्यावरचा आकडा वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"बावन्न."

"काय बावन्न?" मी विचारलं.

"सेंटिमीटर. भिंगरीच्या पायाची लांबी."

"माझा चोवीस आहे," मी बारीक आवाजात म्हटलं. तो आवाज माझाच होता.

मामा खुर्चीत बसला आणि कप विसळण्याइतकाही न थांबता बोलायला लागला. "लहान मुलांचा पाय वाढतो. म्हणून या प्रोग्रॅममध्ये एक सोय आहे. माप घेतलेली तारीख आणि आजची तारीख बघायची आणि मधल्या दिवसांची वाढ आपणहून धरायची. आमच्याकडे रोज एकच तारीख, त्यामुळे ती सोय कधी जागीच झाली नाही. मी विसरूनही गेलो होतो. काल तारीख बघितली तेव्हा म्हणणार होतो की, हा वाढीचं काही विचारतोय का बघ. भिंगरीचं माप मी घेतलं एक जानेवारीला, पंचवीस वर्षांपूर्वी. आज त्याला कळलं की मधे पंचवीस वर्षं गेली. तू पोरीला तीस वर्षांची केलीस, रेडिओ."

त्याला एवढं सलग बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आणि ते माझ्या मूर्खपणाबद्दल होतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण अवलक्षण अजून संपलं नव्हतं. मी दुसऱ्यांदाही 'हो' दाबलं होतं ना? जुनं माप पुसून त्या जागी बावन्न सेंटिमीटरचा पाय मी स्वतःच्या हाताने जतन करून ठेवला होता. फाइल गेली. लाकडाचा एक ठोकळा उरला. गुरुवार, सकाळचे अकरा.

नेमकी त्याच वेळी भिंगरीची आई आली, कडेवर प्लास्टरसकट भिंगरी. आई तिकीटखिडकीवर काम करते, त्यामुळे बोलणंही खिडकीतल्यासारखं: मागे रांग आहे, चटकन सांगा.

"उद्या अकरा. नक्की ना? मी रजा टाकलीय. हो की नाही?"

भिंगरीचं लक्ष मशीनकडे गेलं. "आई, तो माझा पाय आहे?"

"नाही गं राणी," मामी म्हणाली. "तो आमच्या रेडिओच्या शहाणपणाचा फर्मा आहे. मधोमध फुटला."

आई हसली नाही. ती मामाकडेच बघत होती. तिला काहीतरी वास आला असावा. "पुन्हा पहिल्यापासून प्लास्टर म्हटलं ना, तर मी..." ती म्हणाली. भिंगरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"हो," मामा म्हणाला. "उद्या अकरा."

'म्हणजे असं आहे बघ' नाही. थांबणं नाही. नुसतं हो. तो शब्द त्याने दिला होता, आणि त्याच्या खालची जमीन मी खाऊन ठेवली होती.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "मामा, मला ओरड तरी."

"नंतर. आधी तारीख मागे घे."

मी तारीख मागे घेतली. एक जानेवारी, पंचवीस वर्षांपूर्वीची. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता, आणि त्या दिवशी मला ते फार योग्य वाटलं. मामाने भिंगरीचं पाकीट काढलं. कागदावर पेन्सिलने काढलेला छोटासा पाय, भोवती आकडे.

"मी सांगतो, तू भर. प्रत्येक आकडा मला परत म्हणून दाखवायचा. टाचेची रुंदी, चार पूर्णांक सहा."

"चार पूर्णांक सहा," मी म्हटलं. सवयीने त्याच्या आवाजात.

मामाने पाकीट खाली घेतलं. "तुझ्या आवाजात म्हण. मला माझं मलाच ऐकू आलं तर चूक कळायची कशी?"

तो रागावला नव्हता. कामाचं सांगत होता. पण माझे कान तापले. त्रेचाळीस आकडे मी माझ्या आवाजात म्हटले. तो कसा आहे हे मलाच नीट ठाऊक नव्हतं. थोडा घोगरा निघाला. एकतिसावा आकडा मी उलटा भरला होता, तीन पूर्णांक नऊऐवजी नऊ पूर्णांक तीन, आणि तो म्हणून दाखवताना पकडला गेला. नाही तर भिंगरीच्या घोट्याचा भोपळा झाला असता.

शेवटचा ठोकळा चढला. प्रोग्रॅमने विचारलं. या वेळी मी वाचलं, मोठ्याने, पूर्णविरामासकट: "'वाढ शून्य दिवस. पुढे जाऊ का?' मामा, जाऊ का?"

"जा."

घर्रर्र. तिघंही उभे. मामीने माझं मनगट धरलेलं, आणि किती घट्ट ते तिलाही कळत नव्हतं. घर्रर्र चालूच. मी मनात साठपर्यंत मोजत होते. पन्नासाला मला वाटलं, संपणार नाही. अठ्ठावन्नला सूर बदलला. सूंऽऽऽ. मग ईंऽऽऽ, बारीक होत होत वर गेला आणि थांबला. मशीनवर एक डावा पाय होता, मुठीत मावेल असा.

मामाने तो काढून मापं घेतली. आतल्या बाजूला एका ठिकाणी केसभर जास्त होतं. त्याने कानस घेतली आणि दोनदाच फिरवली. मग मामीकडे दिला. "घे. आता तुझं."

"एवढा वेळ माझंच तर अडलं होतं," मामी म्हणाली, आणि मशीनवर जाऊन बसली. दुपारभर तिने शिवलं, मामाने चामडं ओढलं, ठोकलं. मला खिळे मोजून द्यायचं काम मिळालं. सातच्या सुमारास डावा बूट, आधीच झालेल्या उजव्याशेजारी, फर्म्यावर वाळत ठेवला आणि मामी म्हणाली, "रेडिओ आज बंद का आहे? करमत नाही." मी म्हटलं, "सेल गेलाय." मामा हसला तेव्हा कुठे मला जेवण गेलं.

शुक्रवारी अकरा वाजता हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी प्लास्टर कापलं. आतून पाय निघाला तो पांढराफटक, सुरकुतलेला आणि सरळ. भिंगरी त्याच्याकडे परक्यासारखी पाहत राहिली. "हा हलतो," तिने जाहीर केलं.

उजवा बूट आधीच चढवून झाला होता. मामाने खाली बसून डाव्या पायात मोजा चढवला, बूट उघडला, पाय आत सरकवला आणि नाड्या बांधल्या. बुटाच्या मागच्या बाजूला, टाचेच्या जागी, त्याने वाटाण्याएवढं भोक ठेवलेलं असतं. टाच खाली टेकली असेल तरच त्या भोकातून मोजा दिसतो. टेकली नसेल तर बूट नुसता पायात अडकवल्यासारखा. आत पाय आपल्या मनाला येईल तसा वळायला मोकळा. भोक बारीक, आणि मामा चष्मा घरी विसरला होता.

"रेडिओ, बघ," तो म्हणाला.

मी फरशीवर पालथी पडले. गाल फरशीला लावला, एक डोळा मिटला. भोकात काळोख. भिंगरीची आई माझ्या डोक्यापाशी उभी होती, तिच्या चपलेतला अंगठा आत वळून घट्ट झालेला मला दिसत होता.

"बाळा, जरा भार दे पायावर," बाई म्हणाल्या.

भिंगरीने पाय दाबला. भोकात पांढरं आलं. आधी चंद्रकोर, मग भोक भरून.

"टेकली," मी म्हटलं. "मामा, टेकली. पूर्ण टेकली."

"खात्रीने?"

"दोनदा बघितलं."

आईने सोडलेला श्वास माझ्या मानेला लागला. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि "तीन महिन्यांनी माप," म्हणाल्या. मामाने पाकिटावर पेन्सिलने लिहून घेतलं.

भिंगरी खाली वाकून माझ्याकडे बघत होती. "तू काय बघतेस?"

"तुझी टाच."

"ती तिथेच असते," ती म्हणाली. एवढ्या मोठ्या मुलीला हेसुद्धा सांगावं लागतं, अशा नजरेने तिने मला एकदा पाहिलं. मग मला ओलांडून, नवा पाय आधी आणि जुना मागून, टप्प-टक, टप्प-टक करत ती दाराकडे निघाली. तिला धरायला आई आणि बाई दोघी धावल्या, आणि माझ्यावर अडखळल्या.